सांडव्यावरची जाळी: ७ मीटरच्या बांधाच्या नोंदी

भोर तालुक्याच्या पश्चिम अंगाला आमचा १२ जणांचा शेतघरांचा गट आहे. मधोमध ओढ्यावर मातीचा बांध, ९६ मीटर लांब आणि सगळ्यात खोल जागी ७ मीटर उंच. आधीच्या जमीनमालकाने १९९० च्या आसपास बांधून घेतलेला. नकाशा नाही, कागद नाही. शेतीला पाणी कुणी घेत नाही. पोहायचं, दोन कयाक, एक पायडलची होडी आणि संध्याकाळी काठावर चहा, एवढाच उपयोग. खाली साडेतीनशे मीटरवर ९ घरांची वाडी आहे. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरमधल्या काहींना लागतो, म्हणजे आमच्या बांधाकडे बघायला सरकारातून कुणी येणार नाही. मी मेकॅनिकलचा माणूस, मातीकामातलं शून्य. ज्यांच्याकडे असा तलाव आहे त्यांचे पैसे तरी वाचावेत म्हणून लिहून ठेवतोय.

८ ऑक्टोबर २०२३

पहिल्यांदाच बांधाच्या खालच्या बाजूने चाललो. आठ वर्षं इथे येतोय, पण पाण्याच्या बाजूलाच. खालचा उतार घाणेरी, रुई आणि सुबाभळीने असा भरलाय की माती दिसत नाही. पायथ्याला एका जागी बूट घोट्यापर्यंत रुतला. साधारण दोन खाटा मावतील एवढी ओल, त्यातून करंगळीएवढी धार.

राखणदार मामांना विचारलं. म्हणाले, "त्ये पहिल्यापास्नं हाय."

कडेला खेकड्यांची बिळं. २०१९ मध्ये चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांवरून झालेले विनोद गटातल्या प्रत्येकाला पाठ आहेत. फोटो टाकल्याबरोबर तेवढेच आले. कामाचं कुणी काही बोललं नाही.

२९ ऑक्टोबर

६ माणसं, ३ दिवस, १४,४०० रुपये. झुडपं कापून जागेवरून हलवली.

पहिली चूक इथेच. खालच्या उतारावर मांडीएवढ्या जाड दोन सुबाभळी होत्या. जेसीबी रस्त्याच्या कामाला आलेलाच होता, म्हटलं मुळासकट काढून टाकू. दोन खड्डे पडले, कमरेएवढे, आणि एकाच्या तळाशी तासाभरात पाणी जमलं. मुरूम आणून थर देत, धुमसाने ठोकून भरले. जेसीबी, मुरूम, मजुरी मिळून ४,५०० गेले. झाड मोठं असेल तर जमिनीलगत कापा आणि खोड तसंच राहू द्या, पण त्या जागेवर पुढची काही वर्षं नजर ठेवा, कारण मूळ कुजलं की त्याची नळी होते. आणि झाड लहान असतानाच उपटा. हे शहाणपण मला ४,५०० नंतर आलं.

१९ नोव्हेंबर

दुसरी चूक, पहिलीपेक्षा महाग.

ओल बंद करायची म्हणून दिवाळीआधी तिच्यावर ४ ब्रास काळी माती टाकून दाबली होती. धार थांबली. मी गटावर अंगठा टाकला. आज जाऊन बघतो तर ओल २ मीटर वर, उताराच्या पोटात आली आहे आणि तिथली माती हाताला लोण्यासारखी लागते.

सासऱ्यांचे मित्र पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेत, त्यांना घेऊन आलो होतो. आज वर्ल्ड कपची फायनल, त्यामुळे दोनच्या आत घरी पोचवायच्या अटीवर आले. काकांनी चप्पल काढली, अनवाणी उतारावर चढले, टाचेने दाबून बघितलं.

"तू त्याचं नाक दाबलंस," ते म्हणाले, "मग ते वर तोंड उघडणारच. मातीचं धरण थोडं पाझरतंच. त्या पाझराला वाट द्यायची, पण माती वाहू द्यायची नाही. बूच मारायचं नाही."

माती टाकायला ११,०००, काढायला ५,५००. वर मॅच हरलो.

३ डिसेंबर

माती काढली आणि ओलीच्या जागी उलटी गाळणी केली. बांधाच्या मातीला लागून धुतलेली वाळू एक वीत, त्यावर बारीक खडी एक वीत, त्यावर डबर. क्रम उलटा झाला तर बांधाची माती खडीतून निसटून जाते आणि सगळं फुकट. पहिला ट्रक क्रश सँडचा आला, मुठीत घेतली तर हात पांढरा. भुकटी असली की ही गाळणी चोंदते. परत पाठवला, त्यात ६ दिवस गेले. गाळणीचा खर्च एकूण २३,०००.

खाली पीव्हीसीचा तुकडा बसवून सगळा पाझर एका तोंडाशी आणला. मोजायला १० लिटरची बादली आणि फोनवरचं घड्याळ. आज ४१ सेकंद. तोच नमुना काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर खिडकीत ठेवला. सकाळी तळाशी गाळाची रेघ नाही. काकांच्या मते बाटली बादलीपेक्षा महत्त्वाची. स्वच्छ पाणी जास्त आलं तरी एक वेळ चालेल, गढूळ थोडं आलं तरी फोन कर, म्हणाले.

मामांना वही दिली: तारीख, पाण्याची पातळी, सेकंद, बाटली.

१४ जानेवारी २०२४

बांधाच्या पोटातून ८ इंची बिडाचा नळ जातो. व्हॉल्व्ह खालच्या टोकाला, म्हणजे ३० वर्षं तो नळ आतून पाण्याच्या दाबाखाली आहे आणि कुठे फुटला तर पाणी थेट बांधाच्या पोटात. व्हॉल्व्ह गंजून जाम. पाना लावून दोघं लटकलो, पाना वाकला. काकांनी तिथेच थांबवलं: "उघडला आणि परत मिटला नाही तर काय करणार आहेस?"

पाणी उतरवायला मग सायफन. ७५ मिलिमीटरचे दोन पाइप माथ्यावरून. पहिल्या रात्री दोन्हींची धार तुटली, कारण मी सांधे नुसते दाबून बसवले होते आणि तिथून हवा ओढली जात होती. सोल्युशन लावून पुन्हा केले, पाण्यातल्या टोकाला फूट व्हॉल्व्ह (पाणी परत जाऊ न देणारी झडप), माथ्यावर पाणी भरायला टी आणि झाकण. फुकट गेलेले पाइप ६,५०० चे.

उतरवायचा वेग दिवसाला वीतभर, त्याहून जास्त नाही. पाणी झपाट्याने गेलं तर आतली ओली माती तशीच जड राहते आणि पाण्याच्या बाजूचा उतार घसरतो. आम्हाला साधारण ४ आठवडे लागले. शेवटच्या मीटरला सायफन रोज तुटायचा आणि मामा रोज भरायचे.

११ फेब्रुवारी

नळाचं वरचं तोंड उघडं पडलं. खालच्या टोकाशी नळाच्या बाहेरून हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. तिथे माती नव्हतीच.

काका बराच वेळ गप्प होते. मग पानशेतबद्दल बोलले. १२ जुलै १९६१ ला ते शाळकरी होते, शनिवार पेठेत. धरण फुटलं एवढंच आपण म्हणतो, पण खचला तो विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या, नळावरचा बांध, आणि खचल्यावर माथ्यावरून पाणी गेलं. नळाशेजारची माती ही मातीच्या धरणाची सगळ्यात कच्ची जागा.

ठरवलं, नळ कायमचा बुजवायचा. खालच्या टोकाने सिमेंटचं पातळ मिश्रण पंपाने चढवायचं, वरच्या टोकाला हवा जायला नळी. ३४ मीटर नळाला हिशेबाने २७ गोण्या. लागल्या ४१. जास्तीच्या १४ गोण्या नळाच्या सांध्यांतून बाहेरच्या पोकळीत गेल्या. हिशेब केला तर पोकळी अर्ध्या घनमीटरहून मोठी निघते. त्या पोकळीवर उभं राहून आम्ही दर कोजागिरीला मसाला दूध पितो.

सिमेंट आणि पंपाचं भाडं मिळून २७,०००. नळाच्या खालच्या तोंडाभोवती पुन्हा तीच वाळू-खडीची गाळणी. पाणी सोडायला आता ११० मिलिमीटरचा कायमचा सायफन, एचडीपीईचा, सांधे वितळवून जोडलेले: ३१,०००.

१० मार्च

खरं तर हे काम पहिल्या दिवशी करायला हवं होतं. चार महिने मी पाझराच्या मागे लागलो होतो, कारण पाझर डोळ्यांना दिसतो.

गवंड्याची पाण्याची नळी घेऊन, मी एका टोकाला आणि मामा दुसऱ्या, दर ३ मीटरवर माथ्याची पातळी घेतली. मधल्या ४० मीटरमध्ये माथा बसलाय, सगळ्यात खोल जागी ४८ सेंटिमीटर. ट्रॅक्टर तिथूनच ये-जा करतो.

मग सांडवा, म्हणजे तलाव भरला की जादा पाणी निघून जायची वाट. मूळ उंबऱ्यावर विटांची ४५ सेंटिमीटरची भिंत आहे. ती आम्हीच २०१७ साली बांधली, कयाकला वरच्या अंगाला पुरेसं पाणी मिळावं म्हणून. वरून रोहू-कटला पळून जाऊ नयेत म्हणून तिच्यावर नायलॉनची जाळी.

मूळ उंबऱ्यापासून माथ्यापर्यंत बांधणाऱ्याने दीड मीटर ठेवला होता. त्यातले ४५ आम्ही खालून खाल्ले, ४८ ट्रॅक्टरने वरून. उरले ५७ सेंटिमीटर.

काकांनी पाणलोट नकाशावर मोजला, ६० हेक्टर. घाटातल्या पाणलोटाला आपल्याकडे इंग्लिसचं सूत्र वापरतात (हे इंग्लिस म्हणजे खडकवासल्याच्या संशोधन केंद्राचे). उत्तर आलं सेकंदाला २२ घनमीटर. आमचा ९ मीटर रुंद सांडवा ५७ सेंटिमीटरमधून जेमतेम साडेसहा सोडतो, तोही जाळी नसताना.

मी म्हटलं, मग इतकी वर्षं टिकला कसा? मामा नळी गुंडाळत होते. तसेच गुंडाळत म्हणाले, "चिपळूण बुडालं नव्हं का, त्या रातीला पानी माथ्याला टेकलं हुतं. जाळीत पाला अडकून भितच झाली हुती पाल्याची. मी आन थोरला पोरगा कोयता घिऊन गेलो, जाळी तोडली, मग उतरलं."

म्हणजे २२ जुलै २०२१. आम्ही १२ जण पुण्यात होतो. जाळी तोडल्याचं मला आठवतं, कारण नव्या जाळीचे १,८०० रुपये आम्ही मामांच्या पगारातून कापायचे की नाही यावर गटात चर्चा झाली होती. कापले होते.

रात्री घरी येऊन अमेरिकेतल्या साउथ फोर्क धरणाबद्दल वाचलं, काकांनी नाव सांगितलं होतं. हेही मातीचं, हौसेचं. श्रीमंतांच्या क्लबाने मासेमारीला आणि नौकाविहाराला घेतलेलं. तळातले पाणी सोडायचे नळ क्लबाने घेण्याआधीच काढून विकले गेले होते, ते परत बसवले नाहीत. बग्गी जावी म्हणून माथा उतरवला. मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ ला पावसात जाळ्या चोंदल्या, माथ्यावरून पाणी गेलं, आणि खालचं जॉन्सटाउन वाहून गेलं. २,२०९ माणसं. नळ, माथा, जाळी. मी तीनदा वाचलं.

२४ मार्च

होळी, सगळे आलेले, म्हणून बैठक. प्रस्ताव: भिंत पाडायची, जाळी काढायची, सांडवा रुंद करायचा, माथा भरायचा. पहिला आक्षेप, पाणी ४५ सेंटिमीटर उतरलं तर कयाकचा लाकडी धक्का लटकेल. दुसरा, आत्तापर्यंत काही झालं नाही. तिसरा, मासे. ७ विरुद्ध ५ ने मंजूर.

मामांचे १,८०० परत दिले. त्यांनी घेतले, मोजले नाहीत.

२१ एप्रिल

भिंत अर्ध्या तासात पडली. सांडवा १५ मीटर करायचा बेत होता. ११ मीटरनंतर काळा पाषाण लागला. ब्रेकर मागवला, तासाला २,२००. १९ तासांत १४ मीटरपर्यंत पोचलो आणि थांबलो. काकांनी हिशेब पुन्हा केला: १४ मीटरमधून २२ घनमीटर जायला ९६ सेंटिमीटर लागतात, माथा दीड मीटरवर आणला तर वर ५४ उरतात. लाटांना पुरे.

खडक लागल्याचं तेव्हा वाईट वाटलं. पण खडकातला सांडवा झिजत नाही, हे नशीबच.

१९ मे

माथ्याचं काम ३ आठवडे रखडलं. ७ मेला बारामतीचं मतदान, गाड्या आणि माणसं तिकडे. त्यानंतर लग्नं. जेसीबीवाले दादा एकदा नवरदेवाकडच्या मिरवणुकीतून फोनवर बोलले.

तिसरी चूक इथे. वळीव येईल या धास्तीने पहिल्या दिवशी मुरमाचा गुडघ्याएवढा थर एकदम टाकला आणि रोलर फिरवला. वरून टणक, छान. काकांनी पहार मागितली आणि उभी सोडली. वीतभर जाऊन थांबायला हवी होती, ती सरळ खाली गेली. सगळं उकरलं, ९,००० आणि दोन दिवस.

मग नीट केलं. जुना माथा टिकावाने खरवडून ओला केला, अर्धा फूट मुरूम, पाणी, रोलर, पहार, पुन्हा अर्धा फूट. १८ ब्रास लागले. मधोमध ६ सेंटिमीटर जास्त ठेवलं, माती पुढे बसेल म्हणून. ट्रॅक्टरला आता दोन्ही टोकांना दगड उभे केलेत.

पाण्याच्या बाजूचं दगडी पिचिंग ढासळलं होतं ते जागच्या जागी लावून घेतलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

३० जून

आज लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातले ५ जण वाहून गेले. संध्याकाळभर फोन वाजत होते.

आपल्या तलावाचे नियम लगेच लिहिले: सांडवा वाहत असेल तर पाण्यात कुणीही नाही, होडीही नाही. सांडव्याच्या १५ मीटर आधी तरंगत्या डब्यांचा दोर. लाइफ जॅकेटशिवाय कयाक नाही, पोहता येणाऱ्यालाही नाही. गटातल्या एकाने विचारलं, मासे जातील त्याचं काय. मामा म्हणाले, "जाऊं द्या की, खाली आमच्या पोरांस्नी घावतील." जाळी सध्या त्यांच्या दोडक्याच्या मांडवावर आहे.

२५ जुलै

काल संध्याकाळी पोचलो आणि अडकलो. खाली मोरीवरून पाणी, रस्ता बंद. फोनला रेंज नाही, पुण्यात एकतानगरीत पाणी शिरल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं.

सांडव्याच्या खडकावर लाल-पांढरी पट्टी रंगवली होती. रात्री ११ ला उंबऱ्यावर २८ सेंटिमीटर पाणी. दीडला ४४. मामा आणि मी विजेरी घेऊन दर अर्ध्या तासाला. पाऊस असा की पट्टी वाचायला वाकलं तर पाठीवरून पाणी डोळ्यांत. साडेतीनला ५७ झाले तेव्हा मामा काही बोलले नाहीत, मीही नाही. पाचला ६२, आणि तिथे थांबलं. सातला ५१.

६२ म्हणजे सेकंदाला साडेअकरा घनमीटर. जुना सांडवा साडेसहाला संपला असता. माथा ८८ सेंटिमीटर वर, कोरडा म्हणवत नाही, पण पावसानेच ओला.

खालच्या गाळणीवर बादली २९ सेकंदांत भरली. बाटली खिडकीत ठेवली. तळाशी काही नाही.

मामांची थोरली सून पहाटे चहा घेऊन आली, वाडीतून, चिखलातून. त्या रात्री वाडीत कुणी झोपलं नव्हतं.

११ ऑगस्ट

आता जे सुटलं ते. सांडवा रुंद केला, पण त्याच्या खालच्या वाटेकडे बघितलंच नाही. खडक सांडव्याच्या उंबऱ्याखाली १२ मीटर जातो आणि संपतो, पुढे मुरूम. तिथे २५ तारखेच्या पाण्याने पावणेदोन मीटरचा खड्डा पाडलाय आणि तो बाजूला, बांधाच्या कोपऱ्याकडे खातोय. २८ जुलैला खड्ड्याच्या काठापासून बांधाच्या पायापर्यंत ९ मीटर होते. ४ ऑगस्टला साडेसात.

तारेच्या जाळीच्या, दगड भरलेल्या २२ पेट्या लागतील असं काका म्हणतात, दरपत्रक १,३८,००० चं आलंय. आत्तापर्यंतचा खर्च ४,१२,०००, त्यातले साडेछत्तीस हजार निव्वळ माझ्या चुकांचे. १२ पैकी ५ जणांची वर्गणी बाकी आहे, तेच ५.

तोपर्यंत खड्ड्याच्या बांधाकडच्या काठाला हाताने डबर रचलंय, वाडीतली ४ पोरं आणि मी. लोखंडी सळ्या ठोकून लाल रंग दिला, मामा दर सोमवारी टेपने मोजतात आणि वहीत लिहितात. आज रविवार, पण मी असल्यामुळे आजच मोजलं: ७ मीटर १०.